हरल्याचा नारळ

अण्णा हरले की आमच्या घरी गोडधोड व्हायचं. वाचून तुम्ही नाक मुरडाल, पण खरं सांगायचं ठरवून बसलेय तर सुरुवात तिथूनच करायला हवी. साताऱ्याच्या सदर बाजारात एक क्लब होता आणि माझे वडील तिथं मार्कर होते. मार्कर म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशेजारी उभं राहून गुण मांडणारा, खेळायच्या काठ्या पुसून हातात देणारा, टेबलाच्या हिरव्या कापडाला ब्रश मारून वर इस्त्री फिरवणारा माणूस. हो, टेबलाला इस्त्री करतात. आमच्या अंगावरच्या कपड्यांना ती कधी लागली नाही ती गोष्ट वेगळी. एखाद्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळायचं आणि हरायचं, हेही मार्करचंच काम. क्लबच्या वार्षिक दिवशी मेंबरांमधला जो पहिला येईल तो शेवटी अण्णांशी एक डाव खेळायचा. त्याला सगळे ‘मार्करची मॅच’ म्हणत. अण्णा अगदी थोडक्यात हरायचे, टाळ्या पडायच्या, आणि सेक्रेटरी साहेब अण्णांच्या हातात शर्टपीस आणि नारळ ठेवायचे. त्या नारळाच्या आई करंज्या करायची. मी आणि धाकटा दिलीप दुपारपासून वाट बघत बसायचो, कधी एकदा अण्णा हरतात म्हणून. लाज वाटते आता, पण तेव्हा तोंडाला पाणी सुटायचं.

क्लबच्या मागच्या बाजूला आम्हाला एक खोली दिली होती. अलीकडे स्वयंपाकघर, पलीकडे खेळायचा हॉल, मध्ये एक भिंत. त्या भिंतीतून दिवसभर चेंडूंचा टकटक आवाज यायचा आणि आम्हाला त्या आवाजावरून कळायचं कोण खेळतंय. वकील साहेब जोरात मारायचे, डॉक्टर मारण्याआधी चार वेळा खाकरायचे, आणि सेक्रेटरी साहेबांचा चेंडू टेबलाच्या कडेच्या खिशात पडला की हॉलमधले सगळे एकदम “वा वा” करायचे, एवढ्यावरून ओळखावं. आई चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापता थापता म्हणायची, “पडला बाई साहेबाचा एकदाचा. आता च्या मागवतील.” आणि खरंच चहाची ऑर्डर यायची. आई आटपाडीकडची. तिच्या माहेरी आणि अण्णांच्या घरीही मेंढरं. अण्णा पोरवयात फौजेत गेले, तिथं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांना हा खेळ शिकवला, आणि सुटून आल्यावर त्याच्या जोरावर क्लबात नोकरी लागली. आईला या सगळ्याचं हसू यायचं. “तुमच्या बानं जन्मभर काठी घिऊन मेंढरं वळली, तुमी काठी घिऊन गोळ्या वळताय. काठी काय सुटंना आवं तुमच्या घराण्याची.” अण्णा हसायचे. हुलग्याचं माडगं भुरकत म्हणायचे, “मेंढरू बरं. गोळीला दया न्हाई.”

मला खेळ शिकवला तो कोणी ठरवून नाही. पुण्याहून कुणा मेंबरानं एक छोटं टेबल आणून हॉलच्या कोपऱ्यात टाकलं, पूलचं. पंधरा रंगीत चेंडू, एक पांढरा, आणि पंधरांतला काळा सगळ्यात शेवटी घालायचा. सकाळी मेंबर यायच्या आधी अण्णा झाडलोट करायचे, मी त्यांना मदतीला जायचे, आणि एकदा त्यांचं लक्ष नाही बघून मी काठी उचलून पांढऱ्याला टोला दिला. मला वाटलं आता बसतेय पाठीत. पण अण्णा ब्रश हातात धरून तसेच उभे. मग म्हणाले, “सुमे, पुन्यांदा मार बगू.” मी मारला. तेव्हा ते जवळ आले आणि माझं कोपर दोन बोटांत धरून म्हणाले, “ही खुंटी. खुंटी हलती व्हय? खाली टांगल्यालं हलतंय. कोपर जाग्यावर, खालचा हात तेवढा फुडं-मागं. कळलं?” काही कळलं नव्हतं, पण मी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून चेंडू बंद. घरात ट्रंकेवर घोंगडं पसरून त्यावर अण्णांनी सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवली, आणि त्यांची स्वतःची काठी माझ्या हातात दिली. काठीचं टोक बाटलीच्या तोंडातून आत घालायचं आणि बाहेर काढायचं, काचेला न लावता. बस्स, एवढंच. रोज शाळेच्या आधी शंभर वेळा. काचेला लागलं की ‘टिंग’ वाजायचं आणि भाकरी थापणारी आई तिकडून न बघता म्हणायची, “हुकली.” पहिल्या दिवशी शंभरातले पाच-सात सोडले तर सगळे वाजले. दिलीप कानावर हात ठेवून अभ्यास करायचा. मला वाटायचं, या माणसाला एक रंगीत गोळी खिशात घालू द्यायला काय होतंय! मी एकदा फणफणून विचारलंही, की अण्णा, बाटलीत काठी घालून कुणाचं भलं झालंय? ते म्हणाले, “एकदा सरळ गेली त्याचं कवतिक न्हाई गं. आंधळ्याची बी जाती एकदा. धाव्यांदा, पन्नासाव्यांदा, हात भरून आल्यावर बी तशीच गेली पायजे.” सहा महिन्यांनी आई म्हणाली, “आज बाटली गप का हाय गं? केलं न्हाईस व्हय?” मी केलं होतं. शंभरही. एकदाही वाजली नव्हती. त्या सकाळी अण्णांनी मला स्वतः टेबलापाशी नेलं. पांढरा चेंडू मध्यावर ठेवला आणि म्हणाले, “समोरच्या कडंला मार. सरळ ग्येला आसंल तर परत काठीच्या टोकाला यील.” तो आला. काठीच्या टोकाला येऊन टेकला. त्या वेळचा अण्णांचा चेहरा मला अजून जसाच्या तसा दिसतो.

आता सांगलीच्या विश्रामबागेत माझा नातू जातो ते पूल पार्लर मी बघून आलेय. एसी काय, गाणी काय, आणि पोरं मोबाईलवर बघून शिकतात. सगळ्यांची कोपरं कुक्कुटपालनातल्या कोंबड्यांसारखी फडफडतात. मी नातवाला म्हटलं, बाळा, कोपर खुंटीला टांग. तो म्हणाला, आजी, तुला काय कळतं त्यातलं. त्याची काय चूक, मी त्याला कधी सांगितलंच नाही. कुणालाच सांगितलं नाही.

खेळ येऊ लागला तशी एक गोष्ट मी भिंतीआडून नव्हे, डोळ्यांनी बघून शिकले. अण्णा हरायचे कसे ते. मेंबरांना वाटायचं, नामदेवचा, म्हणजे अण्णांचा, हात शेवटी शेवटी कापतो. कापत बिपत काही नव्हता! हात कापला असता तर जाणकाराला लगेच दिसलं असतं आणि साहेबाचा अपमान झाला असता. अण्णा चूक आधी ठरवायचे. नेम धरतानाच केसभर बाजूला धरायचे आणि मग हात मात्र बाटलीत घालावा तसा सरळ सोडायचे. चेंडू खिशाच्या ओठाला लागून थांबायचा आणि अण्णा “च्यक्” करून मान हलवायचे. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. “चुकायला बी सरळ हात लागतो,” एवढंच म्हणाले, आणि ते काही अभिमानानं म्हणाले नाहीत.

असं का करायचं, हे घरात कुणी विचारत नव्हतं. एकदाच कधीतरी सेक्रेटरी साहेबांशी खेळताना अण्णांचा चेंडू नको असताना खिशात पडला आणि ते जिंकले. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या खोलीच्या नळाला पाणी नव्हतं. पाईप खरोखर फुटला असेल, साहेब तसे वाईट नव्हते, दिवाळीला दिलीपला फटाके द्यायचे. पण आईनं पंधरा दिवस लांबच्या नळावरून हंडे आणले आणि तिच्या मनानं जे घेतलं ते घेतलं. खोली साहेबांच्या मर्जीवर, आणि साहेबांची मर्जी त्या टेबलावर. एवढं साधं होतं ते आमच्यासाठी.

माझी बारावी झाली त्या वर्षी वार्षिक दिवसाच्या आठवडाभर आधी अण्णा संध्याकाळी खोलीवर आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, “सायबांना इचारून आलो. औंदा मार्करची म्याच सुमी खेळंल, माज्या जागी.” आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. “आवं, येड लागलं का तुमास्नी? तरणी पोर, चार मान्सांत वाकून खेळनार?” अण्णा म्हणाले, “पदर खोचून खेळंल.” साहेबांना गंमत वाटली होती म्हणे. हसून ‘आण, आण’ म्हणाले होते. मला आनंद किती झाला ते काय सांगू! त्या आठ दिवसांत मी बाटलीचे दोन-दोनशे केले. अण्णा रोज सकाळी समोर बसायचे आणि एकच सांगायचे. “साहेब म्हनून बगू नगंस. गोळी बग. माजं बगून तू जे शिकलीस ते त्या दिवशी करायचं न्हाई, सांगून ठिवतो. फुडं काय हुईल त्याची काळजी म्या केलीय.” हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा उच्चारलं होतं. मी दोन्ही वेळा कानामागं टाकलं. मोठी माणसं धीर द्यायला असं म्हणतातच, असं वाटलं.

त्या दिवशी सकाळी आई माझ्या साडीला पिना लावत होती. चेंडूला पदर लागला तर डाव जातो, म्हणून तिनं चार पिना लावल्या. शेवटची पीन लावताना ती माझ्या कानाशी म्हणाली, “सुमे, बापाचं काय ऐकू नगंस. तुजा बाप इतकी वर्सं हरला, आपुन काय उपाशी मेलो? हरल्यानं कुनाचं काय जात न्हाई. जिकल्यानं खोली जाईल. दिलप्याची साळा हाय, तुजं लगीन हाय. माज्या गळ्याची शपत हाय तुला.” मी वळून तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आईला मी फारसं रडताना बघितलेलं नव्हतं.

हॉल भरला होता. मेंबरांमध्ये त्या वर्षी सेक्रेटरी साहेबच पहिले आले होते. बायका दाराशी खुर्च्यांवर, आई त्यांच्या मागं उभी. अण्णा गुणांच्या फळ्याशेजारी, नेहमीच्या पांढऱ्या शर्टात. सेक्रेटरी साहेब कोट काढून म्हणाले, “काय रे नामदेव, पोरगी आम्हाला सांभाळून घेणार ना?” सगळे हसले. अण्णा म्हणाले, “तिला ठावं, साहेब.” आणि कोपऱ्यातल्या पूलच्या टेबलावर डाव सुरू झाला, दोघांना सात-सात चेंडू आणि शेवटी काळा. पहिली पाच मिनिटं हसण्याचे आवाज होते, मग ते कमी झाले, मग नुसते चेंडूंचे आवाज राहिले. खोटं कशाला बोलू, मी विसरून गेले होते सगळं. आई, खोली, नळ, शपथ. एकामागून एक चेंडू जात होता आणि माझं कोपर खुंटीला टांगलेलं होतं. डॉक्टर खाकरायचे सुद्धा थांबले. माझे सातही चेंडू संपले, साहेबांचे दोन उरले होते, आणि माझा काळा उरला. पांढरा, काळा आणि कोपऱ्यातला खिसा, तिन्ही एका रेषेत. लहान मुलानं घालावा असा. बाटलीतच घालायची होती काठी.

मी वाकले. वाकल्यावर समोर, खिशाच्या पलीकडे, दारात आई दिसली. तिनं पदर तोंडात धरला होता.

मी नेम केसभर उजवीकडे घेतला. हात सरळ सोडला. काळा खिशाच्या ओठाला लागला आणि तिथंच उभा राहिला. हॉलमध्ये सगळ्यांनी “अरेरे” केलं आणि त्या अरेरेमध्ये सुटकेचा श्वास होता, मला ऐकू आला. साहेबांनी आपले दोन घातले, मग ओठावरचा काळा घातला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी अण्णांकडे बघितलं. सगळी माणसं टेबलाकडे बघत होती आणि अण्णा माझ्या कोपराकडे बघत होते. मग त्यांनी फडकं घेतलं आणि फळा पुसायला लागले.

साहेब खुशीत होते. मनापासून कौतुक केलं त्यांनी माझं, म्हणाले, “अनुभव कमी पडला, नाहीतर आमची धडगत नव्हती.” माझ्या हातात खण आणि नारळ दिला. आणि मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “एक सांगायचं राहिलं. हा या घरातला शेवटचा नारळ. आपला नामदेव महिनाअखेर क्लब सोडतोय. सांगलीला भावाकडे चाललाय, माधवनगरच्या मिलमध्ये काम लागलंय त्याला. मागच्या आठवड्यात पोरीचं विचारायला आला त्याच दिवशी सकाळी त्यानं कागद दिला. मी खूप समजावलं, पण ऐकेना. म्हणाला, आता बास.” माझ्या हातात तो नारळ. मी दाराकडे बघितलं तर आई माझ्याकडे नाही, अण्णांकडे बघत होती, तोंड उघडं टाकून. तिलाही माहीत नव्हतं.

मागच्या आठवड्यात. ज्या दिवशी माझं नाव सांगून आले त्याच दिवशी. सकाळी कागद दिला आणि संध्याकाळी माझ्यासाठी विचारलं. खोलीची भीती माझ्या मानेवर राहू नये म्हणून त्यांनी खोलीच सोडून दिली होती, आणि घरात रडारड होऊन माझा हात बिघडू नये म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. आणि मी, जी खोली आधीच गेली होती ती वाचवायला, हरले. मला तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं की थांबा, पुन्हा लावा चेंडू. पण असं कुणी ओरडतं का? मी नारळ घेऊन खोलीवर आले.

त्या नारळाच्या करंज्या झाल्या नाहीत. दोन दिवस तो कोनाड्यात होता, मग आईनं फोडून चटणीत घातला. अण्णांनी चटणी ताटाच्या कडेला सारली. आई आणि मी एकमेकींशी त्या शपथेबद्दल कधीही बोललो नाही. तिला मी दोष देत नाही. देत नाही असं म्हणते, पण बरीच वर्षं देत होते.

माधवनगरात अण्णा मिलच्या गेटवर बसू लागले. भोंगा, पास, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम. त्यांची ती काठी, फौजेतून आणलेली, जी वाकली होती तेव्हा मिरजेच्या एका तंबोरेवाल्याकडून त्यांनी सरळ करून लाखेची पॉलिश मारून आणली होती, ती अंगणात दोन खिळ्यांवर आडवी बांधली आणि आई तिच्यावर ओली धुणी वाळत घालायला लागली. बांधली अण्णांनी स्वतः. मी म्हटलं, अण्णा, ती काठी कशाला? ते म्हणाले, “सरळ हाय, धुनं घसरत न्हाई.” त्यानंतर त्यांनी मला कधी बाटली लावायला सांगितलं नाही, आणि मीही कधी लावली नाही. रागावले असते, चार शब्द बोलले असते, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. पण ते माझ्याशी आधीसारखेच गोड बोलत राहिले आणि ते मला सहन व्हायचं नाही.

मी मिरजेला नर्सिंग केलं आणि तिथल्याच एका दवाखान्यात पस्तीस वर्षं काढली. वॉर्डात माझं नाव होतं. कुणाची शीर सापडली नाही की “सुमन सिस्टरला बोलवा.” पेशंट म्हणायचे, सिस्टर, टोचलेलं कळलंच नाही. कुणी शिकवलं असं डॉक्टर विचारायचे तर मी हसायचे. सोड्याच्या बाटलीनं, असं काय सांगणार!

अण्णा शेवटच्या आजारपणात माझ्याच वॉर्डात होते. दुपारची वेळ, जेवणाची ताटं नुकतीच गेली होती. सलाईन लावायला दोन पोरींनी तीनदा प्रयत्न केला, हाताची नुसती कातडी आणि हाडं राहिली होती, शीर लागेना. मी आले, त्यांचा हात हातात घेतला, आणि पहिल्याच वेळेला सुई आत गेली. अण्णा सुईकडे बघत नव्हते. माझ्या कोपराकडे बघत होते. “खुंटी जाग्यावर हाय अजून,” म्हणाले. मी पट्टी चिकटवत होते. मग एकदम म्हणाले, “सुमे, एक इचारू? त्या दिशी तो काळा… मुद्दाम सोडलास न्हवं?”

इतक्या वर्षांनी. मी पट्टी उगाच पुन्हा पुन्हा दाबत राहिले. हो म्हणावं, तर ज्याच्यासाठी त्यांनी नोकरी सोडली, खोली सोडली, खेळ सोडला, ते मी भीतीपायी मातीत घातलं, हे माझ्या तोंडून त्यांनी मरताना ऐकायचं. मला ते झेपेना. म्हटलं, “न्हाई अण्णा. हात हलला.”

त्यांनी सावकाश खाली बघितलं. ती सुई, दोन पोरींना तीनदा न लागलेल्या शिरेत सरळ बसलेली. बराच वेळ बघितलं. मग “च्यक्” केलं, मान हलवली आणि म्हणाले, “आसंल. हलतो कवाकवा.”

ते “च्यक्” मी सदर बाजारातल्या त्या हॉलमध्ये शेकडो वेळा ऐकलं होतं. साहेबांना ते जसं जिंकू द्यायचे, तसंच त्यांनी मला जिंकू दिलं.